राजकारणातल्या बायकांवर होणारी हिंसा: पक्षांना जबाबदार कसं धरायचं?

वहिवाट

निवडणुका जाहीर झाल्या की हिंसाचाराची चर्चा ठरलेल्या जागी सुरू होते. संवेदनशील मतदान केंद्रं किती, बंदोबस्त कुठे, कुठल्या बूथवर गडबड होऊ शकते. या चर्चेत उमेदवार बाई कुठेच नसते. तिच्या फोनवर रात्री काय येतं, तिकीटवाटपाआधी पक्षातलं कोण तिच्याशी काय बोलतं, अर्ज मागे घ्यावा म्हणून तिच्या सासऱ्याकडे नाहीतर भावाकडे कोण जाऊन बसतं, यातलं काही बंदोबस्ताच्या आराखड्यात येत नाही. मला या न दिसणाऱ्या भागाबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही राजकीय पक्षांच्या जबाबदारीबद्दल.

इंटर-पार्लमेंटरी युनियन या जगभरच्या संसदांच्या संघटनेने २०१६ मध्ये ३९ देशांतल्या ५५ महिला खासदारांशी बोलून एक अभ्यास केला. ८१.८ टक्के जणींनी मानसिक हिंसा सोसली होती. ४४.४ टक्के जणींना ठार मारण्याची, बलात्काराची, मारहाणीची किंवा पळवून नेण्याची धमकी आली होती, आणि काही धमक्या मुलांच्या नावाने होत्या. ५५ ही संख्या लहान आहे, मान्य. २०१८ मध्ये युरोपातल्या ४५ देशांत १२३ जणींशी बोलून असाच अभ्यास झाला, तेव्हा खासदारांमध्ये मानसिक हिंसेचं प्रमाण ८५.२ टक्के निघालं. या १२३ जणींत ८१ खासदार होत्या आणि ४२ संसदेत काम करणाऱ्या कर्मचारी. कर्मचाऱ्यांपैकी ४०.५ टक्के जणींचा कामावर लैंगिक छळ झाला होता. माझ्या दृष्टीने हा आकडा सगळ्यात बोलका आहे, कारण संसदेच्या आवारात बाहेरचा गुंड येत नाही. तिथे असतात ते सहकारी, वरिष्ठ आणि आपल्याच पक्षाचे लोक.

आता बोलिव्हियाकडे येते. आंकोराइमेस नावाच्या लहानशा पालिकेत हुआना किस्पे नगरसेविका म्हणून निवडून आल्या. राजीनामा द्यावा म्हणून त्यांच्यामागे तगादा लागला, सभांना बसू दिलं गेलं नाही. त्या न्यायालयात गेल्या आणि त्यांच्या बाजूने निकाल लागला. मार्च २०१२ मध्ये त्यांचा खून झाला. तिथल्या नगरसेविकांची संघटना या विषयावरच्या कायद्यासाठी दहा वर्षांहून जास्त काळ झटत होती. तो कायदा क्रमांक २४३ मग त्याच वर्षी २८ मेला झाला. राजकीय छळाला २ ते ५ वर्षं, शारीरिक किंवा मानसिक हिंसेला ३ ते ८ वर्षं कैद.

शिक्षेपेक्षाही मला त्या कायद्यातले बारकावे थक्क करतात. निवडून आलेल्या बाईला अपुरी किंवा चुकीची माहिती देणं, सभेला येऊ न देणं, बोलण्याचा अधिकार आखडता करणं, पदाशी संबंध नसलेली कामं ‘बाईची कामं’ म्हणून तिच्या गळ्यात मारणं, हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलेलं आहे. शिवाय निवडून आलेल्या बाईचा राजीनामा आधी निवडणूक यंत्रणेकडे द्यावा लागतो. परस्पर पालिकेत कागद सरकवून चालत नाही. राजीनामे कसे घेतले जातात हे ज्यांनी आतून पाहिलं होतं, त्यांनीच तो मसुदा लिहिला होता हे वाचताना कळतं.

कायदा झाला, पण त्याखाली शिक्षा झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. तक्रारी येत राहिल्या, खटले रेंगाळत राहिले. बाईवर तक्रारीचं ओझं टाकून पक्ष नामानिराळा राहिला तर उत्तम कायदाही लंगडा पडतो, हे माझं म्हणणं आहे. तिकीट पक्ष देतो, पैसा पक्षाकडे असतो, प्रचाराची माणसं पक्षाची असतात. मग तिच्यावर पक्षाच्या वर्तुळात झालेल्या हिंसेचा जाब पक्षाला का विचारला जात नाही? नॅशनल डेमोक्रॅटिक इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने २०१८ मध्ये आयव्हरी कोस्ट, होन्डुरास, टांझानिया आणि ट्युनिशियातल्या पक्षांच्या अंतर्गत हिंसेचा मुद्दाम वेगळा अभ्यास केला, तो याच कारणाने.

मला तुमच्याकडून अनुभव हवेत, कायद्याची माहिती हवी, आणि पक्षांपुढे ठेवता येतील अशा ठोस मागण्या हव्यात. कुठल्याही एका पक्षाची बाजू घेणारे किंवा एकाच पक्षावर तुटून पडणारे प्रतिसाद कृपया नकोत. हा रोग सगळीकडे आहे.

काळी_माती

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार ताई. मी एका स्थानिक संस्थेत निवडून आले होते. गाव आणि पक्ष सांगत नाही.

मारहाण झाली नाही माझ्यावर कधी. पण सभेची नोटीस सभा झाल्यावर हातात पडायची, आणि उपस्थितीच्या वहीत सही मात्र आधीच मागितली जायची. मी सही नाकारली त्या आठवड्यात माझ्याबद्दल कुजबुज सुरू झाली. कोणासोबत दिसते, कोणाच्या गाडीतून येते. नवऱ्याला चहाला बोलावून सांगितलं गेलं की बायकोला आवरा. तो माझ्या बाजूने उभा राहिला म्हणून मी टिकले. माझ्या सोबतची सदस्य टिकली नाही. तिच्या घरी तिलाच दोष दिला गेला आणि ती सभांना यायची थांबली. कागदावर ती ‘सतत गैरहजर’.

बोलिव्हियाच्या कायद्यात चुकीची माहिती देणं हा छळ धरलाय हे वाचून मला फार बरं वाटलं. इथे आम्ही तक्रार केली असती तर विचारलं असतं, यात हिंसा कुठे आहे?

उत्तररात्र

विषय गंभीर आहे हे मान्य करून एक वेगळा मुद्दा मांडतो. राजकीय खुनांत मरणारे बहुसंख्य पुरुष असतात. मारामाऱ्या, खोटे गुन्हे, बदनामी पुरुष उमेदवारही भोगतात. धमकीला कायद्यात शिक्षा आहेच. मग बायकांसाठी वेगळी व्यवस्था केली तर ‘यांना राजकारण झेपत नाही’ असंच लोक म्हणणार नाहीत का? मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

रानवाट

उत्तररात्र, प्रश्न रास्त आहे. मरणाऱ्यांची संख्या हा एकच निकष लावला तर तुमचं बरोबर ठरेल. पण हल्ला कशावर होतो ते पाहा.

पुरुष उमेदवारावर तुटून पडताना त्याचा भ्रष्टाचार, त्याचा निर्णय, त्याची जात काढतात. बाईचं शरीर काढतात. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ भारतीय महिला राजकारण्यांचा उल्लेख असलेली १,१४,७१६ ट्वीट्स तपासली. साधारण सातातलं एक त्रासदायक किंवा शिवीगाळीचं निघालं. त्यातही मुस्लिम नेत्यांना धर्म-वंशावरून होणारी शिवीगाळ इतर धर्मांच्या महिला नेत्यांपेक्षा ९४.१ टक्क्यांनी जास्त होती आणि वंचित जातींतल्या नेत्यांना जातीवरून होणारी ५९ टक्क्यांनी जास्त. म्हणजे ‘बाई’ म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजूनही चालत नाही.

दुसरं असं की ही धमकी तिच्यापुरती नसते. ती वाचणारी प्रत्येक तरुण मुलगी ठरवते की आपण या वाटेला जायचं नाही. नेदरलँड्सच्या माजी उपपंतप्रधान सिग्रिड काख यांच्या घरापुढे जानेवारी २०२२ मध्ये एक माणूस पेटती मशाल घेऊन आला होता. २०२३ मध्ये त्यांनी कुटुंबावर होणारा परिणाम सांगून देशाच्या राजकारणातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. ब्रिटनमध्ये २०१९ ची निवडणूक न लढवणाऱ्या काही महिला खासदारांनी शिवीगाळ आणि धमक्यांचा उल्लेख उघडपणे केला होता, आणि त्याआधी तीनच वर्षं खासदार जो कॉक्स यांचा भर रस्त्यात खून झाला होता. त्यामुळे ती भीती काल्पनिक नव्हती.

‘झेपत नाही’ म्हणणाऱ्यांबद्दल एवढंच: कामाच्या ठिकाणी हेल्मेट सक्तीचं केलं म्हणून कामगार कमकुवत ठरत नाही.

पिंपळपान

थोडा इतिहास जोडतो, कारण हे समाजमाध्यमांमुळे सुरू झालं असा समज असतो.

१८ नोव्हेंबर १९१० रोजी मताधिकार मागणाऱ्या सुमारे ३०० बायका लंडनमध्ये संसदेकडे निघाल्या. पोलिसांनी आणि जमावातल्या पुरुषांनी त्यांना तासन् तास मारलं, ढकललं, आणि अनेकींच्या छातीवर, कपड्यांवर हात टाकले. त्यांनी नंतर दिलेल्या जबान्यांमध्ये लैंगिक हल्ल्यांची वर्णनं आहेत. चौकशीची मागणी झाली. तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी ती मान्य केली नाही.

आणि २५ नोव्हेंबर हा महिलांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा दिवस आपण पाळतो तो मुळात राजकारणातल्या बायकांच्या खुनाचा दिवस आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोच्या विरोधात उभ्या राहिलेल्या मिराबाल भगिनींपैकी तिघींना १९६० साली त्या दिवशी ठार मारण्यात आलं. संयुक्त राष्ट्रांनी १९९९ मध्ये तो दिवस जाहीर केला. त्या दिवशीच्या भाषणांमध्ये घरगुती हिंसा येते, कामावरचा छळ येतो, आणि ज्या कारणाने तो दिवस ठरला ते राजकारणच वगळलं जातं. मला याची खंत वाटते.

न्यायप्रविष्ट

वकिलीच्या अनुभवातून भारतातल्या कायद्याची बाजू मांडतो. सोयीसाठी आधी वाईट बातमी.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा राजकीय पक्षांच्या कार्यकर्त्यांना लागू होत नाही. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं की पक्ष आणि सदस्य यांच्यात मालक-नोकर नातं नसल्यामुळे पक्षांवर अंतर्गत तक्रार समिती नेमण्याचं बंधन नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही पक्षांना हा कायदा लावण्याची मागणी फेटाळली. म्हणजे चार टाळकी असलेल्या दुकानातल्या मुलीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते, आणि लाखो सदस्य असलेल्या पक्षाच्या कार्यकर्तीला तीही नाही. कायदा बदलण्याची गरज इथे आहे. पण पक्षाने स्वतःहून समिती नेमायला कोणत्याही निकालाने मनाई केलेली नाही, हे लक्षात ठेवा. ‘आम्हाला बंधन नाही’ हे पक्षाचं उत्तर असेल तर त्यावर ‘मग स्वेच्छेने करा’ हा सरळ प्रतिप्रश्न आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(४): उमेदवाराच्या खाजगी चारित्र्याबद्दल खोटं विधान, ते खोटं असल्याचं माहीत असून किंवा खरं वाटत नसताना, तिच्या निवडून येण्यावर परिणाम व्हावा अशा रीतीने प्रसिद्ध करणं हा भ्रष्ट आचार आहे. सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होऊ शकते. मात्र हे लोकसभा-विधानसभेसाठी, आणि याचिका निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात करावी लागते. भारतीय न्याय संहितेतही निवडणुकीतल्या खोट्या विधानाचं कलम आहे, १७५, पण शिक्षा केवळ दंडाची. एका बाईचं आयुष्य ढवळून काढायची किंमत दंडाची पावती, हे मला वैयक्तिकरीत्या लाजिरवाणं वाटतं.

आचारसंहितेत सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी आयुष्यावर टीका करू नये असं पहिल्याच भागात आहे. महिला उमेदवाराबद्दल गलिच्छ बोलल्यावर निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये एका नेत्याला ७२ तास आणि २०२४ मध्ये दुसऱ्या एकाला ४८ तास प्रचारबंदी केली होती. बंदी त्या माणसाला लागली, पक्षाचा प्रचार चालूच राहिला. खरं तर १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशात १६अ परिच्छेद आहे. आचारसंहिता न पाळणाऱ्या पक्षाची मान्यता निलंबित करण्याचा किंवा काढून घेण्याचा अधिकार आयोगाला त्यात मिळालेला आहे. वहिवाट यांचा मूळ प्रश्न, पक्षाला जाब कसा विचारायचा, त्याचं एक उत्तर या परिच्छेदात पडून आहे.

शाई

मी मतदान केंद्रावर ड्यूटी करत आलो आहे. इथे सगळे उमेदवार बायकांबद्दल बोलताहेत, मला मतदार बायकांबद्दल सांगायचं आहे.

केंद्रात दंगा झाला तर आम्ही अहवाल लिहितो. पण एखादी बाई मशीनसमोर थबकते, मागे वळून रांगेतल्या माणसाकडे पाहते, आणि मग बटण दाबते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं? गुप्त मतदानाची हमी आम्ही आडोशाच्या आत देऊ शकतो. घरी काय बजावून पाठवलंय त्याच्यापर्यंत आमचा हात पोहोचत नाही. आम्ही करू शकतो ते इतकंच की सोबत आलेल्या माणसाला आडोशाजवळ थांबू द्यायचं नाही. कुणी अंध किंवा अपंग असेल तर सोबत्याची तरतूद आहे, ती सोडून कुणी ‘तिला कळत नाही, मी दाखवतो’ म्हणत असेल तर ठामपणे नाही म्हणायचं. नव्या कर्मचाऱ्यांना हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगायला हवं, कारण समोरचा माणूस गावातला वजनदार असला की नाही म्हणायला धीर लागतो.

पाकिस्तानात यावर एक कडक उपाय आहे. तिथल्या २०१७ च्या निवडणूक कायद्यात, मतदारसंघातल्या एकूण मतांपैकी बायकांची मतं १० टक्क्यांहून कमी भरली, तर त्यांना करार करून किंवा दबावाने अडवलं असं धरून निवडणूक आयोग मतदान रद्द करू शकतो. २०१८ मध्ये शांगला जिल्ह्यातल्या एका प्रांतिक जागेची निवडणूक खरोखर रद्द झाली आणि फेरमतदान घ्यावं लागलं. तिथे पूर्वी उमेदवार आपसात ठरवून बायकांना घरी ठेवत. आता घरी ठेवलं तर जिंकलेली जागा हातची जाते.

रानवाट

शाई, हे फार महत्त्वाचं. झळ जागेला बसली की पक्ष हलतात.

मेक्सिकोतही असंच घडलं. २००९ मध्ये कोटा भरण्यासाठी बायकांना उमेदवारी दिली, आणि निवडून आल्यावर शपथ घेताच त्यांच्यापैकी काहींनी रजा घेऊन पर्यायी सदस्य म्हणून नेमलेल्या पुरुषांना जागा दिली. कुणी नवरा, कुणी भाऊ, कुणी पक्षातला. मग २०११ मध्ये तिथल्या निवडणूक न्यायाधिकरणाने सांगितलं की बाई उमेदवाराची पर्यायी सदस्यही बाईच हवी. त्या एका निर्णयानंतर राजीनाम्यासाठी दबाव आणून काही साधेना.

पुढे एप्रिल २०२० मध्ये त्यांनी राजकीय हिंसेची व्याख्या अनेक कायद्यांत एकदम घातली आणि दोषी ठरलेल्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू केली. निवडणूक संस्थेच्या संकेतस्थळावर कुणीही नाव पाहू शकतं. २०२३ मध्ये घटनेत दुरुस्ती करून घरगुती हिंसा, लैंगिक गुन्हे यांत अंतिम शिक्षा झालेल्यांना आणि पोटगी थकवणाऱ्यांना निवडणूक लढवायलाच बंदी केली. तरीही २०२४ च्या प्रचाराच्या पहिल्याच दिवशी सेलाया शहराच्या महापौरपदाच्या उमेदवार हिसेला गायतान यांना गोळ्या घातल्या. संघटित गुन्हेगारी असलेल्या ठिकाणी नोंदवही पुरत नाही, हेही खरं.

उत्तररात्र

रानवाट, न्यायप्रविष्ट, दोघांचे आभार. जागा, मान्यता, तिकीट यांना धक्का लागायला हवा हा मुद्दा मला पटला. वेगळ्या व्यवस्थेला माझा आक्षेप होता, पण पर्यायी सदस्याचं उदाहरण वाचून वाटलं की यात बाईला सवलत कुठे आहे? यात पळवाट बुजवलेली आहे.

एक काळजी मात्र राहते. निवडणुकीच्या दिवसांत खोटी तक्रार करून विरोधकाला आडवं करणं सोपं असतं. नाव नोंदवहीत आधी आणि चौकशी नंतर असं होऊ नये.

न्यायप्रविष्ट

काळजी योग्य आहे आणि तिचं उत्तर मेक्सिकोतल्या व्यवस्थेत आहे. नाव निर्णय अंतिम झाल्यावर चढतं, तक्रार आल्यावर नाही.

आपल्याकडे चित्र बघा. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये विद्यमान खासदार-आमदारांची शपथपत्रं तपासली, तेव्हा महिलांवरच्या गुन्ह्यांचे खटले असल्याचं स्वतःच जाहीर केलेले १५१ जण निघाले, १६ खासदार आणि १३५ आमदार. हे आरोप आहेत, सिद्ध झालेले गुन्हे नाहीत, हे मी मुद्दाम लिहितो. पण पक्षांना हे तिकीट देताना ठाऊक होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२० च्या आदेशाप्रमाणे असा उमेदवार का निवडला याची कारणं पक्षाने जाहीर करायची असतात. ती कारणं एकदा वाचा. बहुतेक ठिकाणी ‘लोकप्रिय आहेत, समाजकार्य करतात’ एवढंच असतं. मतदारांनी आणि पत्रकारांनी तिथे खोदून विचारायला हवं.

काळी_माती

मला एक सांगायचं राहिलं. अधिकारीही यात असतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला पुन्हा पदावर बसवलं. सरकारी जमिनीवर बांधलेल्या घरात सासूसोबत राहते, या आरोपावरून तिला अपात्र ठरवलं होतं. बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आणि खालच्या यंत्रणेने घाईने पाऊल उचलल्याबद्दल नाराजी दाखवली. ती दिल्लीपर्यंत लढली. किती जणींना ते परवडतं? बाकीच्या तहसीलच्या पायरीवरूनच परत फिरतात.

झुळूक

पहिल्यांदाच लिहिते आहे. मी पुढच्या स्थानिक निवडणुकीला उभं राहायचा विचार करते आहे. घरचे तयार आहेत. भीती वाटते ती फोटोंची. माझ्या ओळखीतल्या एकीचा चेहरा दुसऱ्याच शरीरावर लावून गटांमध्ये फिरवला गेला. असं झालं तर पहिल्या दिवशी काय करायचं?

न्यायप्रविष्ट

झुळूकताई, उभ्या राहा. आणि तयारी आधीच करून ठेवा.

काही झालं तर घाबरून पुसून टाकू नका, हा सगळ्यात मोठा धोका असतो. आधी स्क्रीनशॉट घ्या, त्यात तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा खात्याचा पूर्ण पत्ता दिसला पाहिजे. ज्या फोनवर मजकूर आला तो फोन बदलू नका, विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, ते देणारी व्यक्ती आधीच ठरवा. नंतर त्या समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार करा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा बनावट केलेल्या चित्रांबाबत २४ तासांची मुदत घालून दिली होती (फेब्रुवारी २०२६ पासून ती २ तासांवर आली), आणि ही तक्रार तुमच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. पोलिसांनी हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा. तो नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ आणि ६७अ, धमकी असेल तर न्याय संहितेचं ३५१ यांचा उल्लेख ठेवा. स्थानिक निवडणुकीला वर सांगितलेलं १२३ कलम लागत नाही, राज्याचे स्वतंत्र कायदे लागतात आणि याचिकेच्या मुदती फार आखूड असतात. वकील निकालानंतर शोधू नका, अर्ज भरतानाच शोधा.

काळी_माती

झुळूक, माझ्याकडून इतकंच. घरच्यांना आत्ताच सांगून ठेव की असं काहीतरी येऊ शकतं. सासू, सासरे, नवरा, भाऊ, मुलं कळती असतील तर मुलंही. फोटो बाहेर पडण्याआधी घराला माहीत असेल तर फोटोचं अर्धं बळ जातं. उत्तर आयर्लंडमध्ये कारा हंटर नावाच्या उमेदवाराचा २०२२ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर खोटा अश्लील व्हिडिओ पसरवला होता. ती थोड्या मतांनी का होईना निवडून आली आणि नंतर या विषयावर कायद्यासाठी बोलत राहिली. आणि एकटी फिरू नकोस, दोन बायका कायम सोबत ठेव, पक्षाने दिलेल्या नव्हे, तुझ्या विश्वासातल्या.

वहिवाट

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून पक्षांना पाठवायच्या पत्राचा गाभा तयार केला आहे. निवडणुकीआधी सगळ्या पक्षांच्या जिल्हा शाखांना एकच पत्र जाईल. त्यात हे विचारलेलं असेल: पक्षाबाहेरची एक वकील किंवा समुपदेशक असलेली तक्रार समिती तुम्ही स्वेच्छेने नेमणार का, आणि तिचा फोन नंबर उमेदवारी अर्जासोबत प्रत्येक महिलेला देणार का? तुमच्या पदाधिकाऱ्याने किंवा तुमच्या अधिकृत खात्याने महिला उमेदवाराच्या चारित्र्यावर चिखलफेक केली तर, ती विरोधी पक्षाची असली तरी, त्याला प्रचारातून काढणार का? प्रचारनिधी पुरुष आणि महिला उमेदवारांना कसा वाटला ते जाहीर करणार का? पैसा अडवून बाईला झुकवणं हीही हिंसाच आहे, आणि तिचा माग काढणं तुलनेने सोपं आहे. उत्तरं आली तशी इथेच टाकेन. जे उत्तर देणार नाहीत त्यांची नावंही टाकेन.

एक गोष्ट अडते आहे. बोलिव्हियातल्या राजीनाम्याच्या नियमासारखं काही आपल्याकडे उमेदवारी मागे घेताना करता येईल का? दबाव तिथेच सगळ्यात जास्त असतो. न्यायप्रविष्ट, सांगाल का?

न्यायप्रविष्ट

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे माघारीची सूचना उमेदवार स्वतः देऊ शकते, किंवा तिने लेखी अधिकार दिलेला सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी देऊ शकतो. निवडणूक अधिकारी सूचना खरी आहे का आणि आणणारा माणूस तोच आहे का एवढं तपासतो. ती मनाने दिली आहे का, हे विचारण्याची तरतूद नाही. धमकी देऊन माघार घ्यायला लावणं कलम १२३(२) खाली येतं, पण ते सिद्ध करायला तीच बाई साक्षीला लागते आणि तोवर ती त्याच घरात, त्याच गावात राहत असते.

स्थानिक निवडणुकांचे नियम राज्याचे आहेत, त्यामुळे सुरुवात तिथून करता येईल. मागणी अशी ठेवा: महिला उमेदवाराने माघारीसाठी स्वतः यावं, अधिकाऱ्याने तिच्याशी सोबतच्या कुणालाही बाहेर ठेवून बोलावं, आणि तिचं म्हणणं दोन ओळींत नोंदवून घ्यावं. एवढी नोंद असली तरी पुढे न्यायालयात तिचा उपयोग होतो. राज्य निवडणूक आयोगाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी लिहायला घेतो. काळी_माती आणि शाई, तुम्ही दोघांनी तो आधी वाचावा, कारण तहसीलच्या खोलीत प्रत्यक्षात काय होतं हे तुम्हाला जास्त ठाऊक आहे.